जी म्हणालो, एवढंच

— नाही नाही, मुलगा वाईट आहे असं मी कुठं म्हटलं? तसं डायरीत लिहू नका हं काका. तुम्ही विचारलंत अभिराम कसा आहे, मी म्हटलं हुशार आहे, पण — आणि त्या 'पण'वर तुम्हीच थांबलात, मी नाही. बसा, चहा येतोय. मुलीच्या वडिलांनी स्थळाची चौकशी करायलाच पाहिजे. ऋता एकुलती एक, तुम्ही अकोल्याहून लखनौपर्यंत आलात, वर रविवारचं या वृंदावन योजना कॉलनीत सेक्टर शोधत फिरलात — हक्कच आहे तुमचा. आणि मला विचारलंत ते बरं केलंत. अभिराम डबीरला माझ्याइतकं ओळखणारं इथं कोणी नाही. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलोय त्याच्या — आता मी केबिनमध्ये असतो ही गोष्ट वेगळी. जानेवारीपासून. हो, रीजनल मॅनेजर. धन्यवाद, धन्यवाद.

काम म्हणजे काय — टीव्हीला जोडून मुलं खेळतात ना, ती मशिनं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स. आम्ही ती दुकानदारांना पुरवतो, चिनहटला गोदाम आहे आमचं. तुम्ही म्हणाल यात कसली आलीय हुशारी? अहो, हुशारी भाकितात! कुठलं मशीन पुढच्या पाच वर्षांत किती खपेल ते आज सांगायचं, त्या हिशेबानं माल मागवायचा, गोदाम घ्यायचं. पाच वर्षांपूर्वी दोन्ही कंपन्यांची नवी मशिनं एकदमच आली. तेव्हाचे आमचे दिल्लीचे साहेब म्हणाले, तुम्ही दोघं एकेक पान लिहा, कुठलं किती विकलं जाईल ते, पाच वर्षांनी फाइल उघडू. मला चौदा वर्षं झालेली नोकरीत, ह्याला जेमतेम एक — आणि दोघांना एकाच परीक्षेला बसवलं! तिथूनच माझं — जाऊ दे.

मी तीन आठवडे खपलो काका. उत्पन्नाचे आकडे, जिल्हावार दुकानं, तक्ते, सगळं. निष्कर्ष काय, तर एक्सबॉक्सचं धाकटं मशीन जिंकणार. का? स्वस्त आहे! आपल्या या मुलखात चार पैसे कमी तेच खपणार, यात चुकीचं काय आहे सांगा? आणि हा तेव्हा काय करत होता? रविवारी चौकात जाऊन मक्खन मलाई खात होता. नाझा मार्केटात दुकानाच्या पायरीवर बसून पोरांशी गप्पा हाणत होता. पान दिलं तेही अर्धंच भरलेलं. लिहिलं काय, तर त्या स्वस्त मशीनमध्ये डिस्क घालायला जागाच नाही, खेळ नेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि इथली पोरं तर डिस्क खेळून झाली की विकतात, बदलून घेतात, मामेभावाला देतात. डिस्क नसलेलं मशीन घेतलं की पोरगं एकटं पडतं. म्हणून दोन वर्षं स्वस्त मशीन पुढं राहील, तिसऱ्या वर्षी प्लेस्टेशन गाठेल आणि पाचव्या वर्षी दुपटीच्या वर जाईल. 'पोरगं एकटं पडतं' — हे काय ऑफिसच्या कागदात लिहायचं वाक्य आहे?

पहिली दोन वर्षं माझंच खरं ठरलं. म्हणजे — दोघांचंही खरं ठरलं, पण दिसायला माझं. प्लेस्टेशन बाजारात मिळतच नव्हतं, लोक दुसरं उचलायचे. मी ऑफिसात बर्फी वाटली. ह्यानं दोन तुकडे खाल्ले, वर म्हणाला, छान आहे, कुठली? मग तिसरं वर्ष लागलं. दर महिन्याला आकडे यायचे, प्लेस्टेशन चढतंच, मी आधी ह्याच्या तोंडाकडे बघायचो — हसतोय का, डोळा मारतोय का कुणाला — आणि हा आपला डबा खातोय! हा दोष मात्र लिहा. माणूस बोलत नाही. सोबत राहणाऱ्याला फार त्रास होतो त्याचा, सांगून ठेवतो.

मी जळतो असं वाटतंय का तुम्हाला? तुमच्या बघण्यावरून वाटलं म्हणून विचारलं. छे हो, मी कशाला जळू? माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरगा. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी बावीस वर्षं आरतीची थाळी धरतोय, हा आला आणि दुसऱ्या वर्षी सगळ्या बायका, 'अभिराम कुठंय, अभिरामला हाक मारा.' आमची ही एरवी रविवारी खिचडी टाकून मोकळी होते, पण हा येणार म्हटलं की भरली वांगी. आणि रुचा, माझी मुलगी, तेरा वर्षांची — मी मराठीत हाक मारतो, उत्तर काय येतं? 'पापा, बस पाँच मिनट.' जन्मापासून मी ओरडतोय, घरात मराठी बोल, मराठी बोल. आणि तो दारात उभा राहिला की, 'अभिरामकाका, आत या ना, तुम्ही पाणी घेणार का?' कुठून येतं हे मराठी तिच्या तोंडात? माझ्यासाठी का येत नाही? — हो, जळतो. लिहा. झालं?

काय? मग इतका हुशार आहे तर सहा वर्षं त्याच खुर्चीवर का? बरोबर, तोच तर 'पण' माझा. बढती नाही, पगार तोच, मुलीच्या बापानं विचार केलाच पाहिजे. कारण — कारण असं, की डिसेंबरात फाइल उघडली. तोवर साहेब बदललेले. दोन्ही पानांखाली नाव नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, ए. डी. मी अनीश दातार, तो अभिराम डबीर. दोघेही ए. डी.! साहेबांचा फोन आला मला, 'दातार जी, ये प्लेस्टेशन वाला पन्ना आप ही का है ना?' मी म्हटलं, 'जी'. आता तुम्ही अकोल्याचे, तुम्हाला नाही कळायचं. इथं जी म्हणजे नुसतं हो नव्हे. जी म्हणजे ऐकतोय, जी म्हणजे काय म्हणालात, जी म्हणजे काहीच नाही, तोंडातून निघतं ते. मी विचारलं होतं — 'जी?' आवाज जरा वर गेला होता माझा, मला पक्कं आठवतंय. ते म्हणाले, 'शाबाश'. आता एकदा शाबाश म्हटल्यावर माणूस काय करणार? मी ठरवलं होतं, पुढच्या फोनला सांगू. पुढचा फोन बढतीचा आला.

मग दुसरं पान आपोआप त्याचं झालं. मी नाही केलं, झालं. मीटिंगमध्ये साहेबांनी त्याला विचारलं, इतना गलत कैसे हो गया भाई? त्यानं ते पान हातात घेतलं, माझं, तीन आठवड्यांचं — शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाला, 'मेहनत तो की है सर, लिखने वाले ने.' एवढंच. खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी केबिनशी आला, 'अभिनंदन, अनीशराव.' भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो ना! तेवढंही देत नाही मेला.

हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विचारलंत म्हणून. हे लिहू नका. पेन खाली ठेवा, काका. आणि माझा नंबर मंडळातून घेतलात ना तुम्ही? त्या लोकांना कितीदा सांगितलं, विचारल्याशिवाय नंबर — नाही? मग?

कोणी दिला?

अभिरामनं? काय म्हणाला तो? नीट सांगा, त्याचेच शब्द सांगा. 'अनीशरावांना विचारा, ते माझ्याबद्दल खोटं नाही बोलायचे' — हे तो कधी म्हणाला? काल? म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर? हसत म्हणाला का? साधंच? साधंच म्हणजे कसं?

चहा राहू दे. नाही, उठा तुम्ही. चपला बाहेर आहेत, खाली ई-रिक्षा मिळेल. मुलगी द्या त्याला. द्या म्हणतो ना, डोळे मिटून द्या, असा दुसरा नाही मिळायचा. आणि लग्नाची पत्रिका मला पाठवू नका. तो स्वतः येईल घेऊन, मला माहीत आहे. — निघा.