बोटावरची कविता

मुकुंदवाडीच्या थांब्यावर रामकिसन सर बसची वाट बघत होते. आज कॉलेजात इंग्रजीच्या पेपरला त्यांचं सुपरव्हिजन होतं. मागच्या बाकावर एक आजी नातीची उजळणी घेत होती.

"दिपे, बोटाला काय म्हन्तेत?"

"डॅक्टिल. ग्रीक शब्द हाय. बोटाचं एक पेर लांब, दोन आखूड. कवितेची चाल बी तशीच."

"माझं तर मेंढीनं धडकून वाकडं केलं."

"म्हणूनच तुझी ओवी मधीच अडखळती!"

"गप. झिम्म्यात गात गात वळतो, ते?"

"स्ट्रोफी. कवितेचं कडवं."

"फुलं येचायची?"

"अँथॉलॉजी. कवितांचा संग्रह."

"आन् गाण्याची गोधडी?"

"ते नाय आठवत, आजी!"

"आगं, तुकडं जोडून शिवायची... रॅप..."

"रॅप्सोडी! आजी, तूच चल हॉलमंदी."

"व्हय, आन् मास्तरनं धरलं म्हंजी?"

"म्हणंल, एवढी मोठी कॉपी आणली कशी?"

दोघी खदखदून हसल्या.

पेपर सुरू झाला. तिसऱ्या बाकावर थांब्यावरची दिपाली सारखी आपल्या बोटाची पेरं न्याहाळत होती. पाणी द्यायला आलेला शिपाई सरांच्या कानाशी लागला.

"सर, त्या पोरीनं बोटावर कायतरी लिहून आणलंय वाटतं."

"तिच्या आजीनं लिहिलंय," सर म्हणाले. "तेवढं चालतं."