पुठ्ठ्याची भिंत

मला आर्किटेक्ट म्हणता ना, मग कन्हेरी गावच्या काकूंना काय म्हणाल? आधी ऐका तर.

त्यांच्या बंगल्याचं मॉडेल मी आठ दिवस खपून पुठ्ठ्याचं बनवलं होतं, मागच्या गोठ्यासकट. बारामतीहून मांडीवर धरून नेलं. तात्या, म्हणजे काकूंचे मालक, चारी बाजूंनी बघून म्हणाले, "झ्याक झालंय." काकूंनी मात्र सरळ छप्पर उचललं, काडेपेटीतली एक काडी स्वयंपाकघरात उभी केली आणि तिच्यापाशी डोळा नेला.

"ही मी. हितनं गोठा कुठं दिसतोय?"

"काकू, तिथं भिंत आहे."

"मग म्हस सुटली तर मला सांगणार कोण, भिंत?"

मी समजावायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी अंगठ्याच्या नखानं भिंतीत चौकोन कोरला आणि तुकडा माझ्या हातात ठेवला. माझा जीवच गेला. पण वाकून बघितलं, तर गोठा दिसत होता आणि अंधारं स्वयंपाकघर उजळलं होतं. गुपचूप नकाशा बदलला.

वास्तुशांतीला जो तो त्याच खिडकीत. एका पाहुण्यानं विचारलं, "ही आयडिया कुणाची?"

मी कॉलर सावरली.

काकू म्हणाल्या, "डोकं सायबांचंच हाय. माझं निस्तं नख."