बँकेच्या उंबऱ्यावरच्या चपला

मंडळी, ऐका! देवाच्या दारात बसलोय, तेव्हा आज एक अडचणीचा प्रश्न विचारतो. हात वर करू नका, उत्तर मनातल्या मनात द्या! आपल्या हातून चूक झाली. बघणारं कुणी नाही. सांगितली नाही तर कळायचीही नाही. आणि नेमकं त्याच दिवशी लोकांनी आपली पाठ थोपटलेली! — तर ती चूक सांगावी, की गिळावी?

झालं! सगळे खाली बघायला लागले. पेटीवाले काका तर पेटीच्या भोकात काहीतरी शोधताहेत! राहू द्या काका, सूर धरा. गोष्ट ऐका.

तालुक्याच्या गावी एक सहकारी बँक. नाव सांगत नाही — तुमच्यापैकी निम्म्यांची खाती तिथंच निघायची! त्या बँकेत केतकी गुरव नावाची एक मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत काम शिकायला आली. कॉलेजचा नियमच तसा. त्याला म्हणतात इंटर्नशिप! आपल्या वेळी सुट्टी म्हणजे कैऱ्या पाडणं. आता सुट्टीत नोकरी, आणि पगार काय? प्रमाणपत्र!

पण पोर गुणाची हो! आणि टापटिपीची भारी हौस. पासबुकं सरळ कर, खुर्च्या एका रेषेत लाव. घरी आई म्हणायची, "केतके, बसलेल्या माणसाला उचलून झाडशील एक दिवस!" बँकेच्या दाराशी कामावरच्या माणसांच्या चपलांचा ढीग पडायचा, तिथं तिनं मागं लागून एक मांडणी ठेवून घेतली. बँकेच्या मॅनेजर उमराणी मॅडम खूश! म्हणाल्या, "अशी मुलगी दर वर्षी पाठवा."

आता नीट ऐका हं. बँकेत लॉकरची खोली असते. दागदागिने, कागदपत्रं ठेवायची. त्या खोलीच्या भिंतीवर लक्ष्मीची तसबीर होती, म्हणून लोक चपला उंबऱ्याबाहेर काढून आत जायचे. देवळातच जणू! — मागं वळून बघू नका, तुमच्या चपला आहेत जाग्यावर! — तर लॉकरवालं गिऱ्हाईक आत गेलं, की बँकेचं माणूस बाहेर येणार. दागिने काय आहेत ते बघायचं नाही ना! मग आत कुणी आहे की नाही, हे कळायचं कसं? चपलांवरून! चपला आहेत, म्हणजे माणूस आहे. चपला नाहीत, खोली रिकामी, लावा कुलूप. कुठं लिहिलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक. फक्त केतकीला नाही! तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

शनिवारचा दिवस. केतकीचा बँकेतला शेवटचा. आणि त्याच दुपारी मुख्य कचेरीतले मोठे साहेब यायचे होते! केतकी पदर खोचून... पदर कुठला, ओढणी खोचून कामाला लागली. फिरता फिरता लॉकरच्या उंबऱ्याशी आली. बघते तर काय, निळ्या पट्ट्याच्या दोन जुन्या चपला! एकीचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. अगंबाई, साहेबांच्या नजरेला हे पडायचं? उचलल्या, दाराजवळच्या मांडणीत नीट लावल्या, हात धुतले. पुण्य केलं!

साहेब आले, चहा झाला, "वा वा" झालं, साहेब गेले. लॉकरचं काम बघणारे हेगिष्टे त्यांच्याच सरबराईत अडकलेले. गडबडीत खोलीशी आले. उंबरा रिकामा! तरी एक हाक मारली, "आहे का कुणी?" उत्तर नाही. त्यांनी जाड लोखंडी दार ओढलं. त्या दाराला दोन किल्ल्या — एक हेगिष्ट्यांची, एक मॅडमची. दोन्ही फिरल्या. खाट्! हेगिष्टे आपली किल्ली पिशवीत टाकून गावाकडच्या गाडीसाठी स्टँडवर.

इकडे मॅडमनी केतकीच्या हातात प्रमाणपत्र दिलं. त्यावर लिहिलेलं — 'उत्कृष्ट'! पोरगी हरखली. निघाली. मांडणीतून आपल्या सँडल काढल्या, आणि थबकली. शेजारी निळ्या पट्ट्याच्या चपला! बँक तर रिकामी झालेली.

चपला इथं — मग पाय कुठं?

मंडळी, तिला कळायचं ते कळलं. पण मन कसं असतं बघा. मन लगेच वकिली करायला उभं! "अगं, जुन्या चपला, कुणी टाकून गेलं असेल. नवीन घेतल्या असतील. आणि असलं कुणी आत, तर ते हेगिष्ट्यांचं काम! तू पाहुणी. तुझं प्रमाणपत्र पिशवीत आहे. हो पुढं!" आणि खरंच सांगतो, पोरगी दोन पायऱ्या उतरली.

आपण असतो तर? कोपऱ्यावरून रिक्षा धरली असती!

पण तिसऱ्या पायरीवर तिचा पाय पडेना. दोऱ्यानं शिवलेला अंगठा डोळ्यांपुढून हलेना. शिवून शिवून वापरणारं माणूस चपला टाकून अनवाणी जाईल का हो? ती फिरली, धावत आत गेली. "मॅडम! लॉकरच्या दाराशी चपला होत्या, त्या मी उचलल्या! मी! आत कुणीतरी आहे!"

मॅडमच्या हातातली पर्स गळून पडली. "द्वारकाआजी!" त्या पुटपुटल्या. "दुपारी आल्या होत्या. त्यांना ऐकूही येत नाही गं!" मुलगा परगावी, आजी घरात एकटी. उद्या रविवार! शोधायला येणार कोण?

हेगिष्ट्यांचा फोन? लागेना! केतकी सुरक्षारक्षकाच्या स्कूटरवर मागं बसली आणि सुटली स्टँडवर. गाडीचा कंडक्टर घंटी मारतोय, आणि ही दारात आडवी! "हेगिष्टेकाका, खाली उतरा!" सगळी गाडी बघायला लागली. लाज? कसली लाज! माणूस आत कोंडलंय!

आले. घाईत हेगिष्ट्यांची किल्ली भोकात जाईना. केतकीनं त्यांचं मनगट धरलं. फिरली एक. फिरली दुसरी. दार उघडलं —

आणि हेगिष्टे दोन पावलं मागं! हात आपोआप जोडले गेले!

समोर स्टुलावर द्वारकाआजी बसलेली. नाकात नथ, गळ्यात ठुशी, मोहनमाळ, हातात पाटल्या, गोठ, दंडात वाकी! लॉकरमधलं होतं नव्हतं तेवढं सगळं अंगावर! वर लक्ष्मीची तसबीर, खाली ही लक्ष्मी!

"आजी!" केतकी तिच्या गळ्यातच पडली. ढसाढसा रडायला लागली.

आजी म्हणाली, "आधी दार ठोठावलं गं. हाका मारल्या. घसा बसला, मग बसले. म्हटलं, आता इथंच बोलावणं येणार दिसतं. तर निदान नटून जावं! नवरा गेल्यापासून अंगावर घातलं नव्हतं काही, लोक काय म्हणतील म्हणून. इथं बघायला लोक कुठले?" आणि बोळक्या तोंडानं हसली हो! ते हसू बघून चौघांच्या जिवात जीव आला.

केतकीनं डोळे पुसले, आजीच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "आजी, तुमच्या चपला मी हलवल्या, म्हणून हे झालं." पिशवीतून प्रमाणपत्र काढून मॅडमपुढं धरलं. "हे मला नको."

आणि मग बघा काय झालं! हेगिष्टे म्हणाले, "तिची कसली चूक? उंबऱ्यावरून हाक मारून वळलो मी. आत डोकावायला काय झालं होतं मला?" मॅडम म्हणाल्या, "आणि मी? मी न विचारता किल्ली फिरवली." एकीनं तोंड उघडलं, तशी तिघांची उघडली! ती गप्प राहिली असती, तर सोमवारी तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत उभे असते. आणि मध्ये कोण असतं? नको, अभद्र नको बोलायला.

आजीनं ते प्रमाणपत्र घेतलं, केतकीच्या पिशवीत परत घातलं. "ठेव. चुकत तर सगळेच असतात. परत किती जण फिरतात? आता त्या चपला आण बघू, फरशीवर पाय गारठले माझे."

केतकीनं चपला आणल्या, आणि आपल्या हातांनी आजीच्या पायात घातल्या.

तुम्ही म्हणाल, बुवा, छान झालं, सुटलो! आमच्याकडे ना लॉकर, ना लोखंडी दार! नाही? अहो, नीट आठवा! धाकट्या भावाबद्दल बापाला काहीतरी सांगितलं होतंत. पुढं कळलं, ते खरं नव्हतं. सांगितलंत बापाला? सुनेवर घेतलेला आळ दुसऱ्याच दिवशी फिटला. बोललात तिच्याशी? नाही! 'होईल हळूहळू, विसरेल ती.' तुम्ही जेवताय, झोपताय, कीर्तनाला येताय. आणि ते माणूस? ते आत बसलंय. ठोठावून ठोठावून घसा बसलाय त्याचा. शनिवार कधीच उलटून गेला, मंडळी!

आता बुक्का लावून घ्या, प्रसाद घ्या, आणि आपापल्या चपला घाला. पण पायरी उतरताना एक माणूस आठवा, आणि घरी जायच्या आधी त्याच्या दाराशी जा. आजी हसली, कारण पोरगी त्याच दिवशी फिरली. तुमचं माणूस अजून हसू शकेल, तोवर फिरा!