ही रायफल आमची नव्हे

दि. १४ डिसेंबर २०२४

मी देवकी जितेंद्र चाफले, वय ५१ वर्षे, धंदा मिरची कांडप, रा. नंदनवन, नागपूर, मूळ गाव भिवापूर. समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की,

माझे सासरे गोपाळराव यांच्या नावे पीक संरक्षणासाठी शिकारीच्या रायफलचा परवाना १९६४ पासून आहे व तेव्हापासून एकच रायफल आहे. अलीकडे त्यांना दिसत नाही. तरी रायफल ते स्वतःच्याच हाताने पुसतात. विधानसभा निवडणुकीआधी आदेशाप्रमाणे ती सीताबर्डीतील ओमप्रकाश यांच्या बंदुकीच्या दुकानात जमा केली होती. निकालानंतर माझे पती जितेंद्र व सासरे जाऊन परत घेऊन आले. पावतीवर पतीने सासऱ्यांचा अंगठा घेतला.

घरी सासऱ्यांनी रायफलचा बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकणारा खटका, चाचपला व म्हणाले, "देवकी, हे आपली नोहे वं. आपली विलायतेतल्या बर्मिंगहॅमची, दुसऱ्या महायुद्धाच्या अगोदरची."

पती म्हणाले, "नंबर जुळते, बाबा. तुमचं डोकं चालून नाही राहिलं आता." हेच ते पाहुण्यांसमोरही बोलले. त्यानंतर सासरे जेवायला सर्वांसोबत बसत नाहीत.

मी दुकानात विचारायला गेले. ओमप्रकाश म्हणाले, "म्हाताऱ्याच्या बोलण्यावर काहून जाता, वहिनी?"

सासऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, "नंबर कोणीही ठोकते. नळीखालचं लाकूड काढाले लाव. तिथं विलायती मुकुटाचा ठसा पाह्यजे."

पतीने ठाण्यात जाऊ नको म्हटले. मी आज सासऱ्यांना व रायफल घेऊन ऑटोने येथे आले.

पोलिसांनी बोलावलेले कारागीर नत्थूजी यांनी दोन पंचांसमोर लाकूड वेगळे केले. मुकुट नव्हता. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्याची खूण व १९७२ साल होते. म्हणजे ही रायफल सासऱ्यांच्या परवान्यानंतर आठ वर्षांनी बनलेली आहे. नळीवरचे कारखान्याचे नाव घासलेले व परवान्यातला नंबर नव्याने ठोकलेला आहे.

सासरे बाकावर बसून होते. त्यांनी विचारले, "मुकुट हाय का वं?" मी नाही म्हटले. ते बराच वेळ माझा हात धरून होते.

आमची मूळ रायफल शोधून द्यावी व ओमप्रकाश यांच्यावर कारवाई व्हावी. पतीची या तक्रारीला संमती नाही; माझी आहे. माझे सासरे पूर्ण भानावर असून त्यांची आठवण शाबूत आहे, हे जबाबात लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला. सासऱ्यांविषयीची शेवटची ओळ त्यात घेतली नव्हती. ती लिहवून घेतली व पुन्हा मोठ्याने वाचायला लावली, सासऱ्यांना ऐकू जाईल अशी. आता तो मी सांगितला तसाच आहे.

सही
देवकी जितेंद्र चाफले