दुसऱ्या घंटीला उचलणारा मोडेम

मंगळवार, दिनांक ११ नोव्हेंबर २०१४, सकाळी ११.२० वाजता माझ्या घरातून माझा मोडेम माझ्या परवानगीशिवाय नेण्यात आला. मी कु. चंदा हरिदास मुनघाटे, वय ६७, कोळसा खाणीच्या कार्यालयातील संगणक विभागातून सेवानिवृत्त, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर, आज गुरुवार दि. २० रोजी ठाण्यात समक्ष सांगते ते असे.

मी एकटी राहते. घरी युनिक्स प्रणालीवर चालणारे जुने वर्कस्टेशन, म्हणजे कार्यालयी संगणक, असून त्याला टेलिफोन लाईनवर मोडेम जोडलेला होता. बाहेरून फोन आला की मोडेम दुसऱ्या घंटीला स्वतः उचलतो, चिरकतो, आणि पलीकडच्या मोडेमशी जुळले की वर्कस्टेशन नाव व पासवर्ड विचारते. ही जुळवणी मी स्वतः केली आहे. पासवर्ड फक्त दोघींना माहीत आहे.

दुसरी हर्षा, माझी कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण. अहेरीच्या पलीकडे एकटी राहते. तिला ऐकू येत नाही. तिथे मोबाईलला रेंज नाही. रोज सायंकाळी सातला ती तिच्या मोडेमवरून फोन लावते व आम्ही टाईप करून बोलतो. काय बोलतो ते पोलिसांच्या कामाचे नाही.

मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते. किल्ली शेजारचे लटारूभाऊ यांच्याकडे होती. मी परतले का हे पाहायला त्यांनी माझा नंबर लावला. चिरकणे ऐकून लाईन बिघडली असे समजून त्यांनी लाईनमन धनराज यांना आणले व दार उघडून दिले. धनराज यांनी मोडेम काढून नेला आणि जागी लाल फोन बसवला.

परतल्यावर मी जाब विचारला असता धनराज म्हणाले, "बाई, तुमचा डब्बा कोंबडी कापल्यावानी चिरकून राह्यला होता. आता पाहा, कसा मस्त वाजते!"

मी म्हटले, "तुमची शिडी नेऊन कोणी जागी फुलदाणी ठेवली, तर मस्त म्हणाल?"

लटारूभाऊ म्हणाले, "मले काय मालूम बाई? तुमच्याकडं कोणी फोन करतच नाई, म्हणून म्या केला."

मोडेम कुठे आहे, एवढेच मी विचारले.

मोडेम जुन्या फोनच्या पोत्यात घालून चंद्रपूरच्या गोदामात पाठवला, शनिवारी रात्री ती पोती भंगारात जातील, असे धनराज सांगतात. नवा मोडेम मागितला तेव्हा दुकानदार हसला.

सातला लाल फोन वाजतो. मी उचलते. पलीकडून थांबून थांबून बारीक शिटी येते. ती हर्षा आहे. "हॅलो" म्हणणे निरर्थक आहे. तरी मी म्हणते. एकदा तोंडाने मोडेमसारखा आवाज काढून पाहिला. मिनिटभराने लाईन कटते, मग फोन पुन्हा वाजतो. पत्र टाकले, उत्तर नाही. मला डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. काल फोन एकदाच वाजला.

हवालदार सुनिल यांनी विचारले, "बाई, बदल्यात फोन भेटला ना? मंग चोरी काऊन म्हणता?" त्यांना वरील परिच्छेद पुन्हा ऐकवला.

डोळ्याला पट्टी असल्याने जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "जुना डबा" खोडून "मोडेम" लिहवून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. पुढील मजकूर माझ्या आग्रहाने जोडला.

मोडेम भंगारात जाण्यापूर्वी ताब्यात घ्यावा. तिकडच्या ठाण्यातून कोणी हर्षाच्या घरी जाऊन, चंदा जिवंत आहे, एवढे कागदावर लिहून दाखवावे. काय केले त्याचे लेखी उत्तर शनिवार, दि. २२ नोव्हेंबर, सायंकाळी सहाच्या आत मला द्यावे. सातला मी फोनपाशी असते.