बाजारातला चण्यांचा पास्ता

आमच्या आत्याला 'प' आणि 'ब' एकच, माहितीय ना तुम्हाला? तमिळ शाळेत शिकली, तिथं दोन्हींना मिळून एकच अक्षर. तर परवा तंजावूरच्या उळवर संदैत, आपल्या शेतकऱ्यांच्या बाजारात, एक इटालियन बाई चण्यांचा पास्ता चाखायला देत होती. इथं वीणा शिकायला आलीय ती. आत्यानं चमचाभर खाल्ला आणि माझा दंडच धरला.

"अगं, यात तर आपलं चण्यांचं सुंडल, ते नारळ घातलेलं, तेच घातलंय. काय रुची आहे!"

बाईनं खूश होऊन अजून थोडा वाढला आणि विचारलं, "बास्ता?"

"हो, हो, पास्ता," म्हणत आत्यानं द्रोण पुढे केला.

बाईनं हसून पातेल्यावर झाकण ठेवलं.

आत्यानं पुन्हा द्रोण पुढे केला. पुन्हा एक चमचा, पुन्हा "बास्ता?", पुन्हा "हो", पुन्हा झाकण.

आत्याचा आवाज चढला. "विचारायचं आणि झाकायचं, ही कुठली रीत?"

मी हसू आवरत म्हटलं, "आत्या, ती पास्ता नाही, बास्ता म्हणतेय. त्यांच्यात बास्ता म्हणजे बास, पुरे."

आत्यानं रिकामा द्रोण माझ्यापुढे धरला.

"बास? तो तर आपलाच शब्द. आपल्याच शब्दानं उपाशी ठेवलं की मला."