सुई चुकवायची नाही!

...अन् दोष कोनाचा? माझाच! वीस वर्षं झाली, तिरोड्याकडच्या या गावच्या दवाखान्यात नर्सगिरी करून राहिली, शुगरच्या पेशंटले घसा फाटेस्तोवर सांगून राहिली, का बापाहो, इन्सुलिनची सुई चुकवायची नाही म्हंजे नाही! लगन असो, मयत असो, धानाची रोवणी असो... सुई चुकवायची नाही!

अन् आयकलं कोनी? जियालालभाऊनं! त्याच्या पोरीचं, ओमेश्वरीचं लगन, मलेही आवतन. मी आपली नवी साडी नेसून गेली, नजर सारी जलेबीच्या कढईवर, अन् पाहते त काय, मांडवात बसलेला नवरीचा बाप घामानं निथळून राहिला, हात लटलट कापून राहिले, अन् भटजीलेच इचारून राहिला, "तुम्ही कोन जी?"

मी धावली! "वहिनी, यायनं सुई घेतली का?"

त्याची बायको जमुनावहिनी मोठ्या तोऱ्यात, "घेतली न जी, सकाळीच! चुकवायची नाही न!"

"अन् जेवले?"

"जेवतीन कसे? कन्यादानाचा उपास हाय न!"

अरे देवा! सुई पोटाले अन् पोटात दाना नाही! लगन अकराचं, वरातीनं डीजेपुढं नाचण्यातच दीड वाजवला. पर्समधली मशीन काढली, बोट टोचलं... शुगर अठ्ठेचाळीस! अजून उतरली असती त मानूस बेशुद्ध, अन् लगनघरी रडारड! मी बोंबलली, "शक्कर आना! जल्दी!"

वहिनी आडवी आली, "काऊन जी सिस्टर? तुम्हीच त म्हनत होत्या, गोड म्हंजे जहर!" भटजी वेगळाच, "कन्यादानाआधी उपास मोडत नाही!" गोंदियाचा एक पाव्हना, "मॅडम, शुगर में शक्कर? पागल हो क्या?" आता वीस वर्षांची शिकवन एका मिनिटात उलटी कशी करू, सांगा! जीव घाबरला माझा, खरं सांगते!

तेवढ्यात नवरीच उठली! बाशिंग सावरत शरबताचा जग उचलला अन् बापापुढं उभी, "बाबूजी, तोंड उघडा! कन्यादान होत राहीन, आधी मले बाप पाहिजे!"

दोन गिलास पाजले पोरीनं. पंधरा मिनटात गडी उठून बसला अन् मलेच म्हनते, "सिस्टर, तुमी जेवल्या का जी?" हसू का रडू! मी त्या जोशात माईकच हिसकला, "म्हना सारे, जेवन चुकवायचं नाही!" चारशे लोकं एका आवाजात, "जेवन चुकवायचं नाही!" डोळे भरून आले माझे, एवढं कधी कोनी आयकलंच नव्हतं न!

परवा तपासणीचा वार. पहिला नंबर जियालालभाऊचा. मशीन लावली... तीनशे नव्वद!

"भाऊ! काय केलं जी हे?"

"काही नाही जी, आठ दिवसांपासून एकही जेवन चुकवलं नाही!"

"अन् सुई?"

"सुईचं त तुमी माईकवर काहीच नाही बोलल्या!"

बाहेर लाईनीत अजून अकरा जन, सारे त्याच लगनातले... जाऊ द्या! चला बापाहो, म्हना पहिल्यापासून, सुई चुकवायची नाही!